३ नंबर रिकामा होता म्हणून

आमच्या अभ्यासिकेत एक तक्रारवही आहे. दोनशे पानी, सुतळीनं खिळ्याला अडकवलेली, पेनही त्याच सुतळीला बांधलेला, नाहीतर तो संध्याकाळपर्यंत काही टिकत नाही. पोरं-पोरी त्यात काहीबाही लिहीत असतात, कूलरमध्ये पाणी नाही, मागच्या टेबलवर लोक कुजबुजतात, बाथरूमचा बल्ब गेला. पण मागच्या मार्च-एप्रिलमध्ये नऊ पानं नुसती वायफायनं भरली होती. कोणी "वायफाय" एवढंच लिहिलेलं, कोणी त्याच्यापुढे चार प्रश्नचिन्हं टाकलेली, आणि एकानं जरा नीट लिहिलं होतं, "ताई, फुल टॉवर दाखवते पण नेट नाही चालून राह्यलं. काहून?"

त्या "काहून"चं, म्हणजे "का"चं, उत्तर शोधता शोधता माझा अख्खा उन्हाळा गेला, त्यातला अर्धा माझ्याच चुकीनं गेला, तेच लिहून ठेवते आहे.

आधी जागा सांगते म्हणजे पुढचं समजेल. नागपुरात नंदनवनकडे आमचं घर आहे, तळमजला अधिक दोन. सासरे रिटायर झाल्यावर आम्ही वर्षभर विचार करत होतो की एवढ्या घराचं करायचं काय, भाडेकरू ठेवले तर त्यांची कटकट, मग बाबांनीच अभ्यासिका काढायचं ठरवलं. आता नागपुरात दर दोन गल्ल्यांमागे एक अभ्यासिका आहे, तरी चालतात सगळ्या, कारण तयारी करणारी पोरं काही संपत नाहीत. आम्ही राहतो मागच्या दोन खोल्यांत, पुढे तिन्ही मजल्यांवर मिळून ७२ टेबलं. खाली पोरं, पहिल्या मजल्यावर पोरी, वर सगळ्यांत गंभीर लोक, ज्यांना पंख्याचा आवाजही चालत नाही पण पंखा तर पाहिजेच. मी घरूनच दोन-तीन दुकानांच्या जीएसटीचं काम करते, त्यामुळे "तुला कॉम्प्युटरचं समजते" ह्या एका वाक्यावर वायफायचं खातं माझ्याकडे आलं. टॅली येणं आणि राउटर समजणं ह्यात काही संबंध आहे का, पण घरात कोण ऐकतं.

नेटवाल्यानं खाली एक राउटर लावून दिला होता. वरच्या मजल्यांवर रेंज येईना म्हणून मी बर्डीच्या बाजारातून आणखी दोन आणले, लॅनची वायर टाकून घेतली (हे एक काम मात्र मी पहिल्यांदाच बरोबर केलं, रिपीटर, म्हणजे पहिल्याचाच सिग्नल पकडून पुढे फेकणारा डबा, घेतला नाही, कारण साधा रिपीटर ज्या चॅनलवर, म्हणजे हवेतल्या ज्या नंबरच्या पट्टीवर, ऐकतो त्याच चॅनलवर तेच परत बोलतो, म्हणजे एकाच निरोपाला हवा दोनदा खर्च). दोन्ही नव्या राउटरमधलं डीएचसीपी (फोनांना पत्ते वाटायचं काम, ते एकाच राउटरनं करायचं) बंद केलं, वायर लॅनच्या पोर्टात लावली, तिन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच ठेवला म्हणजे पोरगं जिना चढलं तरी फोन आपोआप वरच्याला जोडला जाईल. चॅनलचं काय, असं मी त्या नेटवाल्या पोराला विचारलं होतं, तो म्हणाला, "ऑटोवर राहू द्या मॅडम, तो बघते स्वतःच." मी राहू दिलं.

तर तो काही बघत नव्हता. आमच्याकडचे राउटर चॅनल निवडतात ते चालू होताना, एकदाच. नंतर आजूबाजूला कोणी कितीही गोंधळ घालो, बसला तिथं बसला. आणि आमच्या गल्लीत उन्हाळ्यात लाईट जाते तेव्हा काय होतं बघा, लाईट आली की अख्ख्या गल्लीतले राउटर एकाच मिनिटात उठतात, प्रत्येकजण उठून इकडेतिकडे बघतो तर अजून कोणीच उठलेलं नाही, सगळं मोकळं दिसतं, मग ज्याला जे सवयीचं ते धरून बसतो. आमचे तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच इन्व्हर्टरवर, एकाच बटणानं एकदमच चालू झालेले. तिन्ही ६ नंबरवर. एकाच घरातले तीन मजले एकमेकांच्या डोक्यावर बसून एकाच चॅनलवर बोलत होते आणि मी मात्र रोज नेटवाल्याला फोन करून स्पीड कमी आहे म्हणून भांडत होते. बिचारा तिथं निर्दोष होता. लॅपटॉपला वायर लावून तपासलं तर स्पीड पूर्ण.

मग मी फोनवर ते वायफाय बघायचं अ‍ॅप टाकलं, ज्यात आजूबाजूचं प्रत्येक वायफाय एकेक डोंगर होऊन दिसतं, सिग्नल जितका जोरात तितका डोंगर उंच. ह्यासाठी अँड्रॉइडच लागतो, आयफोनवर बाकीच्या अ‍ॅप्सना असं आजूबाजूचं स्कॅन करू देत नाहीत, नवऱ्याचा आयफोन त्या दिवशी पहिल्यांदा निरुपयोगी ठरला आणि मला जरा बरं वाटलं. अजून एक, नव्या अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपला दोन मिनिटांत चारच वेळा स्कॅन करता येतं, त्यामुळे तुम्ही फोन घेऊन मजलाभर फिरता आणि आलेख मात्र मघाचाच दाखवत असतो. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या दिवशीची माझी सगळी नोंद त्यामुळेच चुकीची, मी जिन्यातले आकडे हॉलचे म्हणून लिहून घेतले. डेव्हलपर ऑप्शनमध्ये ते स्कॅनचं बंधन काढता येतं, नाहीतर एका जागी अर्धा मिनिट थांबायचं.

तर डोंगर बघितले. १ वर गर्दी, ६ वर तर जत्रा, ११ वर गर्दी, आणि ३ नंबरवर कोणीच नाही. ८ वरही वरून बघितलं तर मोकळंच. मला वाटलं, बाप्पा, एवढे लोक मूर्ख आहेत का, मधली जागा रिकामी असताना सगळे तिकडेच चेंगराचेंगरी करून राहिले. मी पहिला मजला ३ वर टाकला, दुसरा ८ वर, खालचा ६ वरच राहू दिला. मोठ्या ऐटीत. संध्याकाळी बाबांना सांगितलंसुद्धा की झालं काम.

दुसऱ्या दिवशी रविवार. पहिल्या मजल्यावर आठ-दहा पोरींनी मिळून ऑनलाइन मॉक टेस्ट लावली होती. बरोबर अकरा वाजता सगळ्यांची टेस्ट सुरू झाली आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी एक पोरगी तरातरा खाली आली, "ताई, प्रश्नच पुढं नाही सरकत." तिच्या मागे दुसरी. तिसरी तर रडवेली, तिचा सबमिट अडकलेला. टॉवर फुल. आधी निदान रांगत का होईना चालत होतं, आता तर पार बसलं.

आमच्याकडे एक मजा आहे, अभ्यासिकेत निम्मी पोरं-पोरी इंजिनीयरच आहेत, डिग्री घेऊन परीक्षांच्या मागे लागलेली. त्या रडवेल्या पोरीच्या शेजारची इलेक्ट्रॉनिक्सवाली निघाली. तिनं माझा फोन हातात घेतला, आलेख बघितला आणि म्हणाली, "ताई, तीन नंबर कोणी घेत नाही त्याच्यामागं कारण आहे." मग तिनं सीट वाटपाच्या जुन्या चार्टच्या पाठीमागे पेन्सिलनं जे काढून दिलं ते मी अजून जपून ठेवलंय.

चॅनलचे नंबर बघून वाटतं की ही एकेक वेगळी खोली आहे, १ नंबरची, २ नंबरची, ३ नंबरची. तसं नाहीच. २.४ गिगाहर्ट्झमध्ये, म्हणजे वायफायच्या नेहमीच्या पट्ट्यात, आपल्याकडे १३ चॅनल आहेत पण दोन शेजारच्या चॅनलांच्या मध्यबिंदूत अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झ, आणि वायफायला बसायला जागा लागते २० मेगाहर्ट्झ. म्हणजे टेबलं पाच पाच फुटांवर आखलेली आणि प्रत्येकजण वीस फूट पसरून बसणार. १ चा मध्य २४१२ वर, म्हणजे तो २४०२ ते २४२२ धरतो. ६ चा मध्य २४३७, तो २४२७ ते २४४७. ११ चा २४६२, तो २४५२ ते २४७२. हे तिघं एकमेकांना लागत नाहीत, म्हणून सगळे ह्या तिघांवरच असतात. आणि माझा हुशार ३ नंबर २४१२ ते २४३२, म्हणजे अर्धा १ च्या अंगावर आणि थोडा ६ च्या पायावर. दोन्हीकडच्यांना त्रास, आणि दोन्हीकडून आपल्याला त्रास. ८ चंही तेच, ६ आणि ११ च्या मधोमध.

मी म्हटलं, ठीक आहे, अंगावर तर अंगावर, पण ६ वर बसले असते तर पूर्णच दुसऱ्याच्या मांडीवर ना, त्यापेक्षा अर्धं बरं नाही का? इथंच माझं सगळं गणित उलटं होतं, आणि मला वाटतं बहुतेकांचं इथंच चुकतं म्हणून जरा थांबून सांगते.

वायफायवाले बोलायच्या आधी ऐकतात. हवेत आधीच कोणी बोलत असेल तर गप्प बसायचं, त्याचं झालं की थोडं थांबून आपण बोलायचं, हा त्यांचा नियमच आहे. पोहेवाल्याच्या ठेल्यावर गर्दी असते पण सगळे एकमेकांचं ऐकू येईल इतके जवळ असतात, "भाऊ, याचं झालं की माझी एक प्लेट, तर्री मारके", आणि काम होतं, उशिरा होतं पण होतं. एकाच चॅनलवर असणं म्हणजे हे. आता समजा तुम्ही ठेल्यावर उभे आहात आणि शेजारच्या रस्त्यानं डीजे लावून वरात चाललीय. त्या आवाजातला एक शब्द तुम्हाला कळत नाही, तो डीजेवाला तुमच्यासाठी थांबणार नाही, तुम्ही त्याच्यासाठी थांबत नाही, तुम्ही ओरडून एक प्लेट सांगता, पोहेवाल्याला दोन ऐकू येतं, परत सांगता, परत चुकतं. अर्धवट अंगावर आलेलं चॅनल म्हणजे ही वरात.

ह्याला आकडेही आहेत. आपल्याच चॅनलवरचा, म्हणजे समजेल असा सिग्नल अगदी उणे ८२ डीबीएम (सिग्नलचा जोर मोजायचं एकक) इतका क्षीण आला तरी यंत्र म्हणतं, कोणीतरी बोलतंय, थांबू. पण नुसता न समजणारा गोंगाट असेल तर तो उणे ६२ इतका जोरात असल्याशिवाय ते थांबत नाही. डीबीएमचा हिशोब असा की शून्याच्या जवळ तेवढा जोर जास्त आणि दर १० ला दहा पट, म्हणजे ह्या दोन आकड्यांत शंभर पटीचा फरक आहे. ह्या मधल्या पट्ट्यात जो शेजारी येतो, उणे ६५, उणे ७०, तो समजला असता तर रांगेत लागला असता, समजत नाही म्हणून दोघंही एकमेकांवर बोलतात, दोघांचंही वाया जातं, दोघंही परत पाठवतात. शिवाय नुकसान झालं की राउटर घाबरून हळू बोलायला लागतो, हळू बोललं की तोच निरोप जास्त वेळ हवेत राहतो, आणि जास्त वेळ हवेत राहिला की परत टक्कर व्हायची शक्यता जास्त. टॉवर मात्र फुलच दाखवतो, कारण टॉवर फक्त आवाज किती मोठा ते सांगतो, समजतंय का ते सांगत नाही.

त्या वहीतल्या "काहून"चं अर्धं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. म्हणजे तिसऱ्या नंबरवर एकटं बसण्यापेक्षा सरळ ६ वर शेजाऱ्यासोबत रांगेत लागणं परवडलं.

कोणी म्हणेल आपल्याकडे १३ पर्यंत चॅनल आहेत तर १, ५, ९, १३ असे चार का नाही घ्यायचे, बरोबर वीस वीसच्या अंतरावर बसतात. बसतात, कागदावर. पण आजूबाजूचा अख्खा मोहल्ला ६ आणि ११ वर बसलेला असताना तुम्ही ५ आणि ९ वर गेलात की परत तीच वरात. शिवाय काही यंत्रं, विशेषतः अमेरिकेसाठी बनवलेली, ११ च्या वरचं चॅनल बघतच नाहीत. आमच्याकडे एका पोराच्या दादानं तिकडून पाठवलेला लॅपटॉप आहे, मी गंमत म्हणून १३ लावून बघितलं तर त्याला आमचं वायफायच दिसेना. एकटं घर असेल शेताबितात तर चालेल बापा, नंदनवनात नाही.

मग त्याच रविवारी, टेस्ट संपल्यावर, मी प्रत्येक मजल्यावर चार कोपऱ्यांत उभी राहून परत मोजलं, ह्या वेळी थांबून थांबून. खाली ११ वर सगळ्यांत कमी त्रास, पहिल्या मजल्यावर १, आणि वर ६. मजल्यामजल्याचं वेगळं येतं हे लक्षात ठेवा, कारण शेजारच्यांचे राउटरही वेगवेगळ्या मजल्यांवर असतात, आणि स्लॅब आडवा आला की बराच सिग्नल खातो. डोंगर किती आहेत ते मोजू नका, उंच किती आहेत ते बघा. पहिल्या मजल्यावर १ वर सात नावं होती पण सगळी उणे ८५ च्या खाली, दूरची, आणि ६ वर दोनच नावं पण त्यातलं एक उणे ४४. उणे ४४ म्हणजे भिंतीला लागूनच.

त्या उणे ४४ वर येते, पण आधी हॉटस्पॉटचं सांगते, कारण हे मला सगळ्यांत मजेदार वाटलं. आमचं वायफाय बिघडलं तशी पोरांनी आपापले हॉटस्पॉट लावायला सुरुवात केली होती. साहजिक आहे, काय करतील. खालच्या मजल्यावर एका वेळी मी अकरा मोजले, नावंही एकेक, एकाचं "घे चालव", एकाचं "पासवर्ड बापाले विचार", एकाचं नुसतं "पीएसआय". आता प्रत्येक हॉटस्पॉट, त्याच्यावर कोणी काही बघत असो नसो, सेकंदाला दहा वेळा ओरडून सांगतो की मी इथं आहे, माझं नाव घे चालव. हा ओरडा सगळ्यांत जुन्या, सगळ्यांत हळू वेगानं दिला, १ एमबीपीएसनं, तर एकेक घोषणा अडीच मिलीसेकंदांच्या आसपास खाते. एका चॅनलवर असे दहा जण असले की सेकंदाला शंभर घोषणा, म्हणजे अडीचशे मिलीसेकंद, म्हणजे हवेचा चौथा हिस्सा नुसता नावं सांगण्यात गेला. अजून एकानंही व्हिडिओ उघडलेला नाही बरं का. म्हणजे वायफाय खराब म्हणून हॉटस्पॉट, आणि हॉटस्पॉट म्हणून वायफाय अजून खराब. मी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलं, हॉटस्पॉट बंद करा, नेट सुधारेल. कोणीही केला नाही, माझ्यावर विश्वास ठेवायला मीच काही शिल्लक ठेवलं नव्हतं. वायफाय नीट चालायला लागल्यावर आपोआप बंद झाले, तेव्हाच.

ह्याच कारणानं मी राउटरमधला तो जुना "बी" वाला मोड बंद करून टाकला, १९९९ सालचा स्टँडर्ड आहे तो, त्याची १ एमबीपीएसची घोषणाही त्यासोबत गेली. बंद करताना भीती वाटत होती की कोणाचं जुनं यंत्र तुटेल. ७२ जणांत एकाचंही तुटलं नाही.

आता काकू. भिंतीपलीकडच्या काकूंचा राउटर बरोबर आमच्या जिन्याच्या भिंतीला, टीव्हीच्या वर, आणि तो ६ वर तर होताच पण ४० मेगाहर्ट्झ रुंद पसरलेला. २.४ मध्ये एकूण जागाच ८३.५ मेगाहर्ट्झ, त्यात एका घरानं ४० घेतले तर बाकीच्यांनी जायचं कुठं. काकूंना हे कसं सांगावं हा मोठा प्रश्न. मी उन्हाचं कैरीचं पन्हं घेऊन गेले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तू आमचं नेट तं नाही चोरून राहिलीस ना?" मी म्हटलं, नाही काकू, उलट तुमचं वेगळं आणि आमचं वेगळं राहावं म्हणूनच आले. मग त्यांनी कपाटातून नेटवाल्याचं कार्ड काढलं, त्याच्या मागे पासवर्ड लिहिलेला, मी त्यांच्यासमोरच राउटरमध्ये जाऊन रुंदी २० केली, चॅनल ६ च राहू दिलं. काकूंची सिरीयल तेव्हापासून थांबत नाही म्हणे, म्हणजे त्यांनाही आमचा त्रास होताच, त्या सांगत नव्हत्या एवढंच. ह्याचा एकच तोटा झाला, आता त्यांच्या टीव्हीचा रिमोट चालला नाही तरी मलाच हाक येते.

आणि मग जोर. राउटरमध्ये पॉवर नावाचं एक सेटिंग असतं, तीन मजल्यांवर मी तिन्हीकडे १०० टक्के ठेवलं होतं, कारण कमी कोण ठेवणार, पैसे तर पूर्ण दिलेत. त्या इलेक्ट्रॉनिक्सवालीनं ते कमी करायला सांगितलं तेव्हा मला पटेनाच. पण बघा, राउटर जोरात ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. वरच्या मजल्यावरचा फोन खालच्या राउटरचं ऐकत बसतो, सोडत नाही, आणि उत्तर देताना त्याचं ह्याला ऐकू येत नाही. शिवाय माझाच आवाज रस्त्यापलीकडच्या घरापर्यंत जातो आणि त्यांना उगाच रांगेत थांबवतो. २० डीबीएम म्हणजे १०० मिलीवॅट, मी २.४ वर १४ केलं, म्हणजे २५ मिलीवॅट. टॉवर एखादा कमी झाला. दोन-तीन पोरांनी तेवढ्यावरूनच वहीत तक्रार लिहिली, नेट चालतंय पण टॉवर कमी आहे, काय म्हणावं.

५ गिगाहर्ट्झबद्दल, म्हणजे वायफायच्या दुसऱ्या पट्ट्याबद्दल, थोडक्यात. आपल्याकडे २०१८ च्या ऑक्टोबरपासून त्यातला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा बिनलायसन्सचा झालाय, २.४ चे ८३.५ कुठं आणि हे कुठं. तिथं चॅनल एकमेकांच्या अंगावर आखलेलेच नाहीत, आणि स्लॅबमधून ते नीट जात नाही हा त्याचा दोष सांगतात तो आमच्यासाठी गुणच ठरला, ज्याचं त्याच्या मजल्यावर राहतं. फक्त तिथं ८० मेगाहर्ट्झची रुंदी लावायचा मोह टाळा, ३६ ते ४८ अख्खे एकटाच खातो. मी तिन्हीकडे ४० ठेवली आणि खाली ३६, मधे १४९, वर ४४ दिला. मधले जे ५२ पासून १४४ पर्यंतचे आहेत ते रडारशी वाटून घेतलेले असतात, राउटर तिथं गेला की आधी मिनिटभर नुसता ऐकतो, रडार दिसलं तर सोडून निघून जातो आणि अर्धा तास त्या चॅनलवर परत येत नाही. एकदा मी ऑटोवर ठेवलं तर तो जाऊन १०० वर बसला, आणि चार-पाच फोनना तो चॅनलच दिसत नव्हता. त्यापेक्षा टोकाचेच बरे.

एवढं सगळं एप्रिलच्या मध्याला जमलं आणि दहा-बारा दिवस वही शांत होती. मग पहिल्या मजल्यावरून परत सुरू झालं. फक्त डाव्या बाजूच्या टेबलांवर, बाकी सगळं ठीक. मी परत अ‍ॅप घेऊन गेले, चॅनल मोकळा, शेजारी कोणी नवीन नाही, काकूंचा २० वरच. अर्धा तास डोकं खाजवलं. तेवढ्यात कूलरवाला मुलगा पाण्याचा पाईप घेऊन वर आला आणि माझ्या समोरच टाकीत पाणी सोडलं.

झालं असं होतं की राउटर मी डिसेंबरमध्ये लावला होता, खिडकीच्या वरच्या कोनाड्यात. डिसेंबरमध्ये कूलर गच्चीवर ताडपत्रीत. मार्चमध्ये दोन कूलर उतरवले, डावीकडचा मोठा मात्र दुरुस्तीला गेला होता तो एप्रिलच्या शेवटी आला आणि त्याच खिडकीत बसला, पत्र्याचा, छातीइतका उंच, खाली पन्नास-साठ लिटर पाणी, तिन्ही बाजूंना ओला वाळा. पत्रा वायफायला आरशासारखा परत फेकतो आणि पाणी ते पिऊन टाकतं. माझा राउटर त्याच्या मागे लपून बसलेला. ह्याला कुठलंच चॅनल काय करणार! आणि नवतपा, ते मे अखेरचे सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, समोर दिसत असताना नागपुरात कूलर हलवा म्हणायची माझी तर हिंमत नव्हती. राउटरच हलवला, चार मीटर वायर जास्त लागली, समोरच्या भिंतीवर पंख्याच्या उंचीवर ठोकून टाकला.

सध्या चार्टच्या मागे, पेन्सिलीच्या त्या चित्राखाली मी बॉलपेननं लिहून ठेवलंय, खाली ११ आणि ३६, मधे १ आणि १४९, वर ६ आणि ४४, २.४ ला सगळीकडे २० आणि जोर १४. दर दोन महिन्यांनी फोन घेऊन एक फेरी मारते. मागच्या फेरीत कोपऱ्यावरच्या नवीन फ्लॅटमध्ये कोणीतरी ९ वर येऊन बसलंय असं दिसलं. अजून मी तिकडे गेले नाही, ओळख नाही, आणि कैऱ्याही संपल्यात.

वहीत काल लिहिलेलं होतं, "ताई, ४ नंबरचा पंखा लय आवाज करून राहिला."